१९७४ ची सेसना १७२ : तेच इंजिन ओव्हरहॉल करावं, १८० हॉर्सपॉवरचं टाकावं की सरळ डिझेल?

बिजासनचा_वारा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज धागा काढायची वेळ आली.

आम्ही चौघं (मी, एक डेंटिस्ट मित्र, एक ट्रान्सपोर्टवाला आणि माझा साडू) मिळून एक म्हातारी सेसना १७२ एम सांभाळतो. १९७४ चं मॉडेल, इंदूरलाच असते. इंजिन लायकमिंग ओ-३२०-ई२डी, १५० हॉर्सपॉवर. मागच्या ओव्हरहॉलला पुढच्या वर्षी बारा वर्षं होतील, म्हणजे मुदत संपली, आणि मागच्या ऑइल चेंजला स्क्रीनमध्ये (तेलाच्या गाळणीत) धातूची थोडी चमचम दिसली. फार नाही, पण दिसली.

तर इंजिन उतरवायचंच आहे. मग प्रश्न असा की उतरवलंच आहे तर तेच ओव्हरहॉल करून चढवायचं की काही वेगळं बघायचं. डेंटिस्ट म्हणतो १८० चं ओ-३६० टाका, मे महिन्यात चौघं बसलो की रनवे संपत येतो आणि विमान अजून विचारच करतंय. साडू म्हणतो डिझेल, कॉन्टिनेंटलचं सीडी-१५५, एव्हगॅसची (विमानाच्या पेट्रोलची) कटकटच नको. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो काहीही करा पण माझ्या ट्रकांसारखं नीट हिशेब मांडून करा. मी मध्ये.

कोणी असं काही केलंय का, किंवा जवळून पाहिलंय का? भावनिक सल्लेही चालतील.

शेवपरमल
भावनिक सल्ला : विका, आणि चौघांनी मिळून सराफ्यात गाळा घ्या.

हवाईकाकू
@शेवपरमल, गाळा उडतो का रे?

बिजासनचा_वारा, डेंटिस्टसाहेबांचं दुखणं खरं आहे. मी फिजिक्स शिकवायचे, त्याआधी तरुणपणी थोडं उडवलंही आहे, म्हणून हे सांगायला मला आवडतं. इंदूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १८५० फुटांवर. त्या उंचीला 'स्टँडर्ड' तापमान धरतात ११ अंशांच्या आसपास. मे महिन्यात दुपारी असतात ४२. म्हणजे ३१ अंश जास्त. दर अंशाला ढोबळ १२० फूट धरा, झाले ३७०० फूट. म्हणजे विमानाला वाटतं आपण साडेपाच हजार फुटांवरून निघालोय, विमानतळाजवळच्या बिजासन टेकडीवर नाही तर कुठल्या तरी हिमालयी गावात. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के दम सोडतं. तुमच्या १५० चे उरले १२५. पंखालाही हवा विरळ, पंख्यालाही विरळ. मग चौघं बसल्यावर ते विचार करणारच.

फुकटचा उपाय : सकाळी सहाला निघा. २४-२५ अंशांत तेच विमान वेगळं वागतं. आम्ही तेच करायचो, आणि आठला परत येऊन पोहे.

पीथमपूरकर
मी गाड्यांच्या इंजिनात आयुष्य काढलंय, विमानातलं कळत नाही, पण हा ओ-३२० म्हणजे ५.२ लिटर आणि देतो १५०?? एवढ्यात आमच्याकडे ट्रक ओढतात. मारुती एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन ८५ द्यायचं. दोन लावा, एक डावीकडे एक उजवीकडे. ह. घ्या. पण खरंच, गाडीचं इंजिन का नाही?

निवृत्त_एएमई
पीथमपूरकर, हसण्यावारी नेऊ नका, तुमचं एस्टीमचं जी-१३ अमेरिकेत लोकांनी खरंच विमानांना लावलंय. गिअर किंवा बेल्ट टाकून फेरे कमी करायचे आणि प्रॉपेलर जोडायचा. पण ती घरी बांधलेली एक्सपेरिमेंटल विमानं, आपल्या जबाबदारीवर.

५.२ लिटरमधून १५० च का, तर ते २७०० आरपीएमवर मिळतात आणि प्रॉपेलर थेट क्रँकवर (इंजिनच्या मुख्य दांड्यावर) बसतो, मध्ये गिअरबॉक्स नाही. प्रॉपेलरला फार जोरात फिरवून चालत नाही, टोकं आवाजाच्या वेगाजवळ गेली की नुसता आवाज, ओढ नाही. तुमचं गाडीचं इंजिन ताकद देतं सहा हजारांवर, म्हणजे गिअरबॉक्स आलाच, आणि गिअरबॉक्स आला की क्रँकचे हिसके त्याच्या दातांवर. बहुतेक घरगुती प्रयोग तिथेच मोडतात किंवा कूलिंगला. दुसरं, हायवेवर गाडी ताकदीचा चौथा हिस्सासुद्धा क्वचित मागते. विमान ७० टक्क्यांवर तासन् तास चालतं.

मूळ प्रश्नावर सावकाश लिहितो. एवढंच आधी सांगतो, १७२ ला सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दीनेस (उड्डाणयोग्यतेचा दाखला) आहे, त्यामुळे ज्या बदलाला एसटीसी (मूळ डिझाइनमधल्या बदलाची अधिकृत मंजुरी) नाही तो बदल नाही. आणि परदेशी एसटीसी असला तरी डीजीसीएने (आपल्या विमान वाहतूक नियामकाने) तो आपल्या विमानासाठी मान्य करायला हवा. आधी कागद, मग पाना.

पीथमपूरकर
काका, समजलं. दोन एस्टीम रद्द.

लेफ्ट_मॅग्नेटो
मला ओ-३६० चा अनुभव आहे (माझं विमान नाही, दुसऱ्या राज्यात एकाचं होतं, मी उडवलंय). फरक पहिल्या दहा सेकंदांत कळतो. नाक वर, चढ मस्त. पण पेट्रोल पितं हो. तुमचं १५० चं ताशी ३०-३२ लिटर घेत असेल, ते ३८ घेतं. एम मॉडेलच्या साध्या टाकीत वापरता येण्यासारखं १४४ लिटर. साडेचार तासांचे पावणेचार झाले, त्यातून रिझर्व्ह वजा करा. वर इंजिन थोडं जड, प्रॉपेलर वेगळा, म्हणजे तेवढं वजन सामानातून गेलं. शेवटी आम्ही ताकद विकत घेतली आणि चौथ्या माणसाला खाली ठेवून उडलो.

वेग फारसा वाढत नाही. १७२ ची अंगकाठीच तशी आहे, ढकललं तरी फार पळत नाही. १८० घ्यायचं ते चढासाठी.

बडोद्याचा_बाळू
एव्हगॅसची कटकट म्हणताय पण आता आपल्याकडेच बनतं ना. आमच्या बडोद्याच्या गुजरात रिफायनरीत, कोयलीला. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये १०० एलएल (म्हणजे हेच एव्हगॅस) काढलं, तोपर्यंत सगळं बाहेरून यायचं. त्यामुळे साडूभाऊंचा मुद्दा अर्धा गेला.

साडू_नंबर_दोन
मीच तो साडू. खास उत्तर द्यायला आयडी काढला.

बाळूभाऊ, बनतं हे मान्य, बडोद्याचं अभिनंदन. पण बनणं वेगळं आणि मी ज्या धावपट्टीवर उतरलो तिथे मिळणं वेगळं. एटीएफचा (जेट इंधनाचा) बाउझर मोठ्या विमानांसाठी उभाच असतो. एव्हगॅसला आधी फोन, मग ड्रम, मग 'परवा बघू'. मागच्या वर्षी एका ठिकाणी (नाव घेत नाही) ड्रमसाठी दोन रात्री लॉजवर काढल्यात आम्ही, याला विचारा.

डिझेल म्हणजे काय ते लोकांना माहीत नाही म्हणून लिहितो. सीडी-१५५ मर्सिडीजच्या कारच्या डिझेलवरून आलेलं, टर्बो, पाण्याने थंड होणारं, आणि जेट ए-१ वर चालतं. एकच लिव्हर. मिक्स्चर नाही, कार्ब हीट नाही, मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) नाही, सगळं फॅडेक (इंजिनचा कॉम्प्युटर) बघतं. ताशी २१-२२ लिटर. आणि टर्बो असल्यामुळे काकूंचं ते हिमालयी गाव आपल्याला लागू नाही. सगळीकडून जिंकलोय मी.

हवाईकाकू
सगळीकडून जिंकलेला साडू मी आजवर बघितला नाही, त्यामुळे काही तरी राहिलंय.

लेफ्ट_मॅग्नेटो
+१. काय राहिलंय ते मी सांगतो. या इंजिनाची जन्मदाती कंपनी थीलर्ट २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्यांनी विमानं घेतली होती त्यांच्या वॉरंट्या हवेत आणि पार्ट महाग. पुढे २०१३ ला कॉन्टिनेंटलने घेतलं, आता बरं चाललंय, पण इतिहास असा आहे. दुसरं, याला टीबीओ (ओव्हरहॉलपर्यंतचे तास) नाही, टीबीआर (बदलीपर्यंतचे तास) आहे. ओव्हरहॉल करून परत नाही चढवायचं, २१०० तासांना अख्खं इंजिन बदला. आणि सगळं विजेवर. २००७ मध्ये जर्मनीत स्पायरला एक डीए-४२, दोन इंजिनांचं विमान, बॅटरी उतरलेली होती म्हणून बाहेरून पॉवर लावून सुरू केलं, टेकऑफ झाल्यावर चाकं आत घेताना व्होल्टेज पडलं आणि दोन्ही फॅडेक रीसेट. दोन्ही पंखे थांबले. त्यानंतर सुधारणा झाल्या, पण मला माझे दोन मॅग्नेटो प्रिय आहेत. बॅटरी काढून फेकली तरी चालतात.

साडू_नंबर_दोन
जुन्या गोष्टी उकरून काढायच्या तर लायकमिंगच्याही काढू. ओ-३२०-एच२एडी आठवतंय का? १७२ एन ला लावलेलं. कॅमशाफ्ट आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) खाणारं.

लेफ्ट_मॅग्नेटो
ते एन ला. यांचं एम आहे, ई२डी. तुम्ही स्वतःच्या विमानाचं मॉडेल तरी...

साडू_नंबर_दोन
माहितीये हो. मुद्दा वेगळा आहे.

खटल्याची_भाकरी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. म्हणजे परमल (आमचे मुरमुरे).

घंटाघर_ते_गगन
मला वाटतं सगळे एक स्वदेशी पर्याय विसरताहेत. १८९५, चौपाटी, शिवकर बापूजी तळपदे, विमान उडवलं म्हणे. पाऱ्याचं इंजिन. ना एव्हगॅस ना एटीएफ. थर्मामीटर फोडा आणि उडा.

हवाईकाकू
बंगळुरूच्या आयआयएससीच्या लोकांनी १९७४ मध्येच त्या 'वैमानिक शास्त्रा'तली विमानं तपासून 'उडणार नाहीत' असं लिहून ठेवलंय. योगायोगाने यांच्या सेसनाचंच साल.

अभिमानच बाळगायचा तर विष्णू माधव घाटग्यांचा बाळगा ना. एचएएलचं एचटी-२ हे ट्रेनर विमान त्यांच्या हाताखाली तयार झालं, १९५१ ला उडालं. आणि या धाग्याशी संबंध असा की त्याला सुरुवातीला सिरस मेजर इंजिन होतं, १५५ हॉर्सपॉवर, पुढे इंजिन जुनं झाल्यावर त्यातल्या काहींना लायकमिंगचं १६० चं लावलं. म्हणजे म्हाताऱ्या विमानाला नवं इंजिन ही आपल्याकडे अगदी न घडलेली गोष्ट नाही.

निवृत्त_एएमई
काकू, छान आठवण काढलीत. हंसा या छोट्या विमानाचंही तसंच, एनएएलने (बंगळुरूची सरकारी विमान प्रयोगशाळा) आधी कॉन्टिनेंटल आयओ-२४० लावून उडवलं, मग रोटॅक्स ९१४ वर आले आणि सर्टिफिकेट २००० मध्ये मिळालं. पण दोन्ही ठिकाणी विमान बनवणारेच इंजिन बदलत होते. ड्रॉइंग त्यांच्याकडे, टेस्ट पायलट त्यांच्याकडे. आपल्या हातात दुसऱ्याने केलेला एसटीसी आणि त्याची यादी. त्या यादीत आपलं मॉडेल आणि सिरियल नंबर आहे का, हे आधी बघा. नाही तर पुढची चर्चा पोह्यांपुरती.

संपादक
तळपदे यांच्यावर दोन धागे आधीच चालू आहेत, तिकडे जावे.

मोरसल्लीतून
एक बाळबोध शंका. ई२डी चं कॉम्प्रेशन ७ ला १ आहे ना, म्हणजे ते ८० ऑक्टेनच्या जमान्यातलं. मग पंपावरचं साधं पेट्रोल का नाही? अमेरिकेत मोगॅसचा (गाडीच्या पेट्रोलचा) एसटीसी मिळतो असं वाचलंय, १९८० च्या दशकापासून.

लेफ्ट_मॅग्नेटो
मिळतो, आणि इंजिनाला ते आवडतंही, कारण १०० एलएलमधलं शिसं त्याला नकोच असतं, प्लगमध्ये मणी होऊन बसतं. पण त्या एसटीसीची अट आहे की पेट्रोलमध्ये इथेनॉल शून्य. आपल्या पंपावर आता ई-२०. पाचवा हिस्सा इथेनॉल. जुन्या रबराला, सीलला मारतं, पाणी ओढून घेतं. रोटॅक्स ९१२ वाले सुद्धा १० टक्क्यांपर्यंतच चालवून घेतात. तो रस्ता बंद समजा.

कोणाला हौस असेल तर मोजपात्रात थोडं पाणी घ्या, खुणेपर्यंत, वर पेट्रोल घाला, हलवा, थांबा. पाण्याची रेघ वर सरकली तर ते इथेनॉल. आमच्याकडे बरीच सरकली.

पीथमपूरकर
हा प्रयोग काल केला. स्कूटरवर दया आली.

निवृत्त_एएमई
आता सावकाश लिहितो म्हटलं होतं ते.

तुम्ही सगळे हॉर्सपॉवर आणि लिटरवर भांडताय. धागा काढणाऱ्याने पहिल्या पोस्टमध्ये एक आकडा सांगितलाच नाही. बारा वर्षांत हे इंजिन किती तास चाललं?

बिजासनचा_वारा
काका, लॉगबुक काढून बघितलं. ७१२ तास.

निवृत्त_एएमई
वाटलंच. म्हणजे वर्षाला साठ. टीबीओ २००० तासांचा. तुमचं इंजिन चालून नाही म्हातारं झालं, उभं राहून झालंय.

लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकच्या वर असतो. इंजिन बंद केलं की तेल ओघळून खाली जातं आणि कॅम कोरडा पडतो. उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात चार-चार आठवडे उभं, आत दमट हवा, कॅमवर आणि टॅपेटच्या तोंडावर गंजाचे बारीक ठिपके. पुढच्या वेळी स्टार्ट केलं की ते ठिपके सँडपेपरचं काम करतात. मग स्क्रीनमध्ये चमचम. (कॉन्टिनेंटलच्या ओ-२०० मध्ये कॅम खाली, तेलाजवळ, म्हणून त्याला हा रोग कमी.) मी अजून इंजिन पाहिलं नाही, पण पैज लावायची तर कॅमवर लावेन.

आता साठ तासांवर साडूभाऊंचा हिशेब करा. ताशी १० लिटर वाचले, वर्षाला ६०० लिटर. त्यासाठी नवं इंजिन, नवा प्रॉपेलर, रेडिएटर, वायरिंग, टाकीच्या तोंडाचे बदल, कागद, ट्रेनिंग. २१०० तास व्हायला तुम्हाला ३५ वर्षं लागतील आणि त्याआधी त्याचीही वर्षांची मुदत येऊन जाईल. फ्लाइंग स्कूल वर्षाला ७०० तास उडवतं, त्याला हे परवडतं. तिथे मी स्वतः डिझेलच सांगेन.

आणि एक. डिझेल १७२ आणि पेट्रोल १७२ बाहेरून बघणाऱ्या पोऱ्याला सारखीच, म्हणजे टाकीत चुकीचं इंधन जायची भीती. एव्हगॅस निळसर असतं, एटीएफ फिकट, ड्रेन करून बघितलं तर कळतं, पण बघणारा हवा.

साडू_नंबर_दोन
काका, आकडे मान्य. पण लॉजवरच्या दोन रात्रींचे तास कशात धरायचे?

निवृत्त_एएमई
ते खरं आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमचं उडणं इंदूर-इंदूर जास्त की बाहेरगावी जास्त, त्यावर ठरेल.

बिजासनचा_वारा
इंदूर-इंदूर. बाहेरगावी वर्षातून तीनदा, त्यातलं एक शिर्डी.

ट्रान्सपोर्टवाला
मला लिंक पाठवली म्हणून आलो. आमच्यात उभा ट्रक म्हणजे खर्च, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. ऐकतं कोण. दर आठवड्याला कोणी ना कोणी उडवायचं असं चौघांचं ठरलं होतं, पहिल्या वर्षी पाळलं, मग डेंटिस्टचे पेशंट, याच्या मीटिंगा.

बिजासनचा_वारा
आणि तुझी लग्नसराई.

ट्रान्सपोर्टवाला
ते पण.

मोरसल्लीतून
मग आठवड्यातून एकदा जागेवरच दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवलं तर?

निवृत्त_एएमई
उलट वाईट. जमिनीवर दहा मिनिटांत तेल पुरेसं तापत नाही, जळण्यातून झालेलं पाणी आतच राहतं. उडवा, तेल नीट गरम होऊन अर्धा-पाऊण तास चालू द्या. नाही तर मुळीच हात लावू नका, प्रिझर्व्हेशन ऑइल घाला, सिलिंडरला डेसिकंट (ओल शोषणारे) प्लग लावा, एक्झॉस्ट-ब्रीदर बंद करून 'उडवू नये' अशी लाल पट्टी बांधा. जुलै-ऑगस्टला तेच करा.

बिजासनचा_वारा
(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. काका स्वतः रविवारी हँगरवर आले, आमच्या एएमईबरोबर (देखभाल इंजिनिअर). एक सिलिंडर काढला. काकांनी आरसा आत घातला, टॉर्च मारला, काही बोललेच नाहीत, आरसा माझ्या हातात दिला. कॅमच्या एका लोबचं (उंचवट्याचं) नाक चपटं झालंय आणि टॅपेटच्या तोंडावर चंद्रासारखे खड्डे.

तर ठरलं (जवळजवळ). ई२डी च राहणार, पूर्ण ओव्हरहॉल, कॅम-टॅपेट नवे. उघडतोच आहोत तर पिस्टन बदलून कॉम्प्रेशन ८.५ आणि १५० चे १६० करायचा एसटीसी आहे, इंजिन तेच, वजन जवळपास तेच, त्याचे कागद मागवलेत. पंपाचं पेट्रोल तसंही बंदच, त्यामुळे ७ चं कॉम्प्रेशन जपून ठेवायचं कारण उरलं नाही. १८० वर डेंटिस्टने माघार घेतली, काकूंच्या सकाळी सहाच्या फॉर्म्युल्यावर. साडू अजून डिझेलच म्हणतोय, पण तीन विरुद्ध एक.

ओव्हरहॉलसाठी कोणाकडे द्यायचं हा आता पुढचा डोकेदुखीचा विषय. एका शॉपने मागच्या वेळी इंजिन आठ महिने ठेवून घेतलं होतं, दर फोनला 'पार्ट रस्त्यात आहे'.

हवाईकाकू
१६० म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी १३४ च्या आसपास. चौथा माणूस तरी खालीच ठेवा.

साडू_नंबर_दोन
चौथा कोण हे न सांगताच कळतंय मला.

उंच_माझा_झोका_९९
सर मला पायलट व्हायचे आहे बारावीला कॉमर्स आहे चालेल का आणि इंदूरमध्ये किती खर्च येतो प्लीज रिप्लाय

संपादक
नवा धागा काढावा.

निवृत्त_एएमई
बिजासनचा_वारा, इंजिन क्रेटमध्ये घालण्याआधी काढलेल्या प्रत्येक अॅक्सेसरीचा सिरियल नंबर लिहून फोटो काढा. दोन्ही मॅग्नेटो, कार्ब्युरेटर, स्टार्टर, सगळं. आठ महिन्यांनी परत येतं तेव्हा आपलंच आलंय हे कळायला हवं. आणि जुना कॅम टाकू नका, मला हवाय, पोरांना दाखवायला.